बटण दाबण्याआधी कॅप्स लॉक

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. तेव्हापासून शनिपाराजवळच्या माझ्या वर्कशॉपमध्ये जुने लॅपटॉप घेऊन येणारी माणसं वाढली आहेत. बिजागरी सैल झालेली, कीबोर्डवरची अक्षरं पुसलेली, पण अजून चालणारी यंत्रं. ती भंगारात घालायची नाहीत म्हणून घरातलं कुणीतरी त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून देतं. पंधरा दिवसांनी मला पत्र येतं: ताई, हँग होतो.

ही यंत्रं वाचावीत असं मला मनापासून वाटतं, म्हणून या महिन्याची सगळी जागा या एकाच तक्रारीला दिली आहे. उत्तरांआधी एकच विनंती. लॅपटॉप अडकला की हात लगेच पॉवरच्या बटणावर जातो. तो अर्धा मिनिट आवरा आणि बघा. बाण हलतो का? डिस्कचा दिवा पेटलेला आहे का? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो का, निदान उशिराने तरी? गाणं चालू असेल तर त्याचं काय झालं? हे तारीख-वेळेसकट वहीत लिहा. बटण दाबलं की यातलं काहीही परत बघायला मिळत नाही.

*

ताई, मी शाळेत मराठी शिकवते. भाच्याने दिवाळीत माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं. रॅम ४ जीबी, डिस्क जुनी, फिरती. सकाळी छान चालतो. संध्याकाळी प्रश्नपत्रिका काढायला बसले, ब्राउझरमध्ये जुने पेपर उघडले की हळूहळू अडकतो. बाण थोडा सरकतो, परत थांबतो. डिस्कचा दिवा पेटलेलाच. दहा मिनिटं वाट बघून शेवटी बटण दाबून बंद करते. भाचा म्हणतो, पुन्हा विंडोजच टाकू. काय करू?
– एक शिक्षिका, धायरी

बाई, बाण थोडा सरकतो आणि दिवा पेटलेलाच असतो, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मला यंत्र न बघता उत्तर देता येतंय. तुमचा लॅपटॉप मेलेला नाही, त्याला दम लागलाय.

स्वयंपाकघराचा ओटा लहान आहे, त्यावर चारच डबे मावतात असं समजा. पाचवा हवा म्हणून एक उचलून फडताळात ठेवला, तर पुढच्या क्षणी नेमका तोच लागतो. तो आणायचा म्हणून दुसरा उचलायचा. काढ-ठेव करण्यातच सगळा वेळ जातो आणि पोळी एकही लाटून होत नाही. रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे फडताळ. स्वॅप म्हणजे त्या फडताळातला याच कामासाठी राखलेला कप्पा. मेमरी भरली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू प्रोग्रामच्या कोडचे तुकडेसुद्धा रॅममधून सोडून देतो, कारण ते डिस्कवरून पुन्हा वाचता येतात. म्हणून स्वॅप बंद केला तरी दिवा पेटलेलाच राहतो. पुष्कळ जण स्वॅप बंद करून बघतात आणि दुखणं वाढवून घेतात.

मेमरी पार संपली तर एखादा प्रोग्राम मारून जागा करायची सोय कर्नलमध्ये आहे, तिला ओओएम किलर म्हणतात. पण काहीतरी हलवून जागा निघतेय असं दिसतंय तोपर्यंत तो हात उचलत नाही. कर्नलच्या हिशेबात काम चालू असतं. तुमच्यासमोर मात्र दगड.

गेल्या महिन्यात तुमच्यासारखंच एक यंत्र टेबलावर होतं, ४ जीबी आणि फिरती डिस्क. मी एका खिडकीत फ्री ही कमांड दर दोन सेकंदांनी चालत ठेवली आणि ब्राउझरमध्ये एकेक टॅब उघडत गेले. त्या कमांडच्या उत्तरात शेवटचा रकाना अव्हेलेबल नावाचा असतो, बघायचा तो तोच. फ्रीचा आकडा कमी दिसला म्हणून घाबरायचं नसतं. विसाव्या टॅबपर्यंत पडद्यावरचे आकडे नीट बदलत होते. तेविसाव्याला कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं. मी एक अक्षर दाबलं आणि मोजायला लागले. ते पडद्यावर उमटलं तेव्हा मी चाळिसावर होते. कॅप्स लॉकचा दिवाही लागत होता, पण सावकाश, झोपेतून उठल्यासारखा. मी काही न करता बसून राहिले. अकरा मिनिटांनी एक टॅब कोसळला आणि सगळं पूर्ववत झालं. तुम्ही दहाव्या मिनिटाला बटण दाबता, बाई. अकरा मिनिटं कुणी थांबावं अशी माझी अपेक्षा नाही, पण यंत्र आत जिवंत असतं हे तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.

आता उपाय. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये अर्लीऊम नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो आजच टाका. मोकळी मेमरी आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की तो जास्त जागा अडवणाऱ्या प्रोग्रामला बंद व्हायला सांगतो, ५ टक्क्यांखाली गेले की सरळ मारतो. बहुतेक वेळा बळी ब्राउझरच्या टॅबचा जातो आणि लॅपटॉप काही सेकंदांत हाती येतो. पण कधी लिब्रे ऑफिससुद्धा जाऊ शकतं, तेव्हा त्यातलं आपोआप जतन करण्याचं अंतर पाच मिनिटांवर आणून ठेवा. प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा टाइप करण्याचा वैताग मला माहीत आहे.

त्याच्या जोडीला झीरॅम. यात रॅमचाच एक भाग दाबून भरलेला स्वॅप म्हणून वापरतात. हिवाळ्यात रजया पिशवीत दाबून भरतो तसं. साधारण दुप्पट-तिप्पट माल मावतो आणि फिरत्या डिस्ककडे धाव घ्यावी लागत नाही. फेडोराने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून हे सगळ्यांना आपोआप दिलं. मिंटमध्ये झीरॅम-टूल्स हे पॅकेज टाकावं लागतं.

पैसे खर्च करायचे असतील तर आधी रॅम ८ जीबी करा, मग एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क. फिरती डिस्क एका सेकंदात शंभराच्या आसपास वेगवेगळ्या जागा गाठते, साधी साटा एसएसडी हजारो गाठते, त्यामुळे एसएसडीने काढ-ठेव सुसह्य होते. पण ओटा मोठा झाला तर काढ-ठेवच उरत नाही. रॅम घ्यायला जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या. तिच्या स्टिकरवर पीसी३ नंतर एल आहे का, ते वाचा. एल असलेली पट्टी १.३५ व्होल्टवर चालते, नसलेली १.५ व्होल्टवर. कमी व्होल्टच्या लॅपटॉपमध्ये दुसरी बसते, खाचही जुळते, पण यंत्र सुरूच होत नाही किंवा अधूनमधून हँग होतं. दुकानदार घाईत असला तरी हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एक गोष्ट मात्र आज रात्रीच करा. मरायला टेकलेल्या डिस्कचा दिवासुद्धा असाच पेटलेला राहतो. मिंटच्या डिस्क्स या प्रोग्राममध्ये स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहिती उघडा आणि पेंडिंग सेक्टरची, म्हणजे नीट वाचता न आलेल्या जागांची, ओळ शोधा. तिथे शून्य असेल तर ठीक. एकसुद्धा आकडा असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर उतरवा.

भाच्याला सांगा, विंडोज परत टाकलं तरी ओटा तेवढाच राहणार.

*

ताई, लॅपटॉप अडकला की मी बटण दाबून धरून बंद करतो. मुलगा ओरडतो की त्याने आतलं सगळं बिघडतं. खरं आहे का? दुसरा मार्ग कोणता?
– एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

काका, सगळं बिघडत नाही. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ फाइल रचना आधी नोंदवही लिहिते, मग बदल करते, त्यामुळे अचानक बंद झालं तरी ती स्वतःला सावरते. जतन न केलेलं मात्र जातं, आणि त्याच क्षणी लिहिली जाणारी फाइल अर्धी राहू शकते.

दुसरा मार्ग आहे आणि तो वापरून बघाच. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन ही दोन बटणं एकत्र दाबून ठेवायची आणि एस, यू, बी ही अक्षरं एकामागून एक, मध्ये तीन-चार सेकंद थांबत दाबायची. एसने मेमरीत अडकलेलं लिखाण डिस्कवर उतरतं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती राहते, बीने यंत्र रिस्टार्ट होतं. काही लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीनसाठी एफएन दाबावं लागतं, आणि काहींवर हे बटण मुळात दिलेलंच नसतं. कुठे कुठे आर, ई, आय, एस, यू, बी अशी सहा अक्षरं वाचाल. उबुंटू आणि मिंटमध्ये पहिल्या तिघांना मूळ सेटिंगमध्ये परवानगी नसते, म्हणून तुम्हाला तीनच सांगितली.

या तीन अक्षरांनी तपासही होतो. ही आज्ञा थेट कर्नलपर्यंत पोचते. बी दाबल्यावर यंत्र रिस्टार्ट झालं, तर कर्नल जिवंत होता आणि वरचं काहीतरी अडकलं होतं. नाही झालं, तर दुखणं खोल आहे. वहीत लिहून ठेवा. आणि कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकत असेल तर कर्नलनेच हात टेकलेत, तिथे थांबून उपयोग नाही, बटण दाबून बंद करा.

*

ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, धनकवडीत कॉट बेसिसवर राहतो. दादाचा जुना लॅपटॉप वापरतो, २०१५ चा, प्रोसेसर सेलेरॉन एन२८४०. दिवसातून एकदा तरी पूर्ण गोठतो. व्हिडिओ बघताना आवाज टर्रर्र करत एकाच जागी अडकतो. कॅप्स लॉक बंद, एस-यू-बीही चालत नाही. लॉगमध्ये, म्हणजे यंत्र स्वतः लिहितं त्या नोंदींत, काहीच सापडत नाही. गंमत म्हणजे तासभर कोड कंपाइल केला तरी हँग होत नाही, नुसता पडून असला की होतो. आतापर्यंत सात वेळा वेगवेगळी डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) टाकली. परीक्षा जवळ आली आहे.
– एक विद्यार्थी

अरे, तू ज्याला गंमत म्हणतोयस तीच तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. राबताना नीट चालतो आणि आरामात गोठतो. उष्णतेचं दुखणं याच्या उलट वागतं. राबल्यावर त्रास देतं, आणि बहुतेक वेळा यंत्र गोठत नाही, धाडकन बंद पडतं.

प्रोसेसरला काम नसलं की तो झोपतो. झोपेच्या पायऱ्या असतात, त्यांना सी-स्टेट म्हणतात. सी१ ही डुलकी, सी६ गाढ झोप. तुझी चिप इंटेलच्या बे ट्रेल घराण्यातली आहे, आणि ते घराणं लिनक्सवर गाढ झोपेतून कधी कधी उठतच नाही, ही तक्रार २०१५ पासून कर्नल लिहिणाऱ्यांकडे नोंदलेली आहे. नंतर दुरुस्त्या आल्या. तरी माझ्या टेबलावर नव्या कर्नलवरही गोठणारी बे ट्रेल यंत्रं आली आहेत. व्हिडिओ हे हलकं काम. दर दोन चित्रांच्या मध्ये प्रोसेसर क्षणभर झोपतो, उठतो, पुन्हा झोपतो. म्हणून तुझा लॅपटॉप नेमका तिथे सापडतो.

लॉग रिकामा आहे हीसुद्धा माहितीच. मागच्या वेळचा लॉग बघायला जर्नलसीटीएल, मग हायफन के, हायफन बी, हायफन १, अशी कमांड आहे, या चौघांच्या मध्ये एकेक जागा सोडायची, हायफन मात्र पुढच्याला चिकटून. मेमरी संपली असती तर शेवटी ओओएमची ओळ दिसली असती. डिस्क रुसली असती तर तिच्या तक्रारींची रांग लागली असती. तुझ्याकडे साधी, रोजची ओळ आहे आणि पुढे काही नाही. लिहिणारा लिहिता लिहिता थांबला. पण सात वेळा सगळं पुसून नवं टाकलंस तेव्हा आधीचे लॉगही पुसले गेले. आठव्यांदा टाकू नकोस, कृपा करून.

आता तुला वाटेल, ताई उपाय सांगतील आणि झालं. थांब. दोन वर्षांपूर्वी याच चिपचं एक यंत्र माझ्याकडे आलं होतं. चिपचं नाव वाचलं आणि मी निदान ठरवूनच टाकलं. झोपेची पायरी अडवली, दोन दिवस चालवलं, परत दिलं. चार दिवसांनी ती मुलगी पुन्हा दारात, तेच दुखणं. मग रात्रभर मेमटेस्ट८६प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून घरी गेले. सकाळी दार उघडलं तर पडद्यावर लाल ओळी. रॅमची पट्टी काढली. तिच्या सोनेरी दातांपैकी चार-पाच काळपट पडले होते, पावसाळ्यातली दमट हवा आणि धूळ. खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, कीस झटकला, पट्टी खट् आवाज येईपर्यंत बसवली. दुसऱ्या रात्री एकही चूक नाही आली, आणि ते यंत्र नंतर चाललं. त्या मुलीचा एक आठवडा माझ्या घाईने गेला, तेही सबमिशनच्या दिवसांत. तेव्हापासून पूर्ण गोठणाऱ्या प्रत्येक यंत्राला पहिली रात्र मेमरीची.

तूही तेच कर. मेमटेस्ट८६प्लसची ६ किंवा पुढची आवृत्ती पेनड्राइव्हवर घे, ती यूईएफआयवर, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीच्या आतल्या प्रोग्रामवरही, चालते. अडॅप्टर लावून रात्रभर सोड. लाल ओळ एकही आली तर पट्टी साफ करून पुन्हा परीक्षा. तरीही आली तर पट्टी बदल. सगळं स्वच्छ आलं तरच पुढे.

सुरू करताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, मेनू आण. पहिल्या ओळीवर ई दाब. लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोध, तिच्या शेवटी जा, एक जागा सोड आणि फोनवर सांगते तसं टाइप कर: इंटेल, अंडरस्कोर, आयडल, टिंब, मॅक्स, अंडरस्कोर, सीस्टेट, बरोबरचं चिन्ह, १. सगळी अक्षरं लहान, मध्ये कुठेही जागा नाही. मग एफ१०. हे फक्त त्या एका वेळेपुरतं लागू होतं, म्हणून चाचणीला उत्तम. काही चुकलं तर रिस्टार्ट केलं की गेलं. रोज एकदा गोठणारं यंत्र आठ-दहा दिवस गोठलं नाही, तर तेच शब्द ग्रबच्या फाइलमध्ये कायमचे घाल आणि अपडेट-ग्रब चालव. त्या दिवसांत दुसरं काही बदलू नकोस. ना कर्नल, ना ड्रायव्हर, ना रॅम. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

याची किंमत बॅटरीला मोजावी लागते. गाढ झोप नसल्याने ती लवकर उतरेल आणि तळ थोडा गरम राहील. लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस, खाली जाड वही किंवा पाट घे. परीक्षेपर्यंत अभ्यासाच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर असू दे.

*

ताई, लॅपटॉप तीन वर्षांचा, स्वतःचा, उबुंटू २४.०४. गेल्या महिन्यातल्या अपडेटनंतर झाकण मिटून उघडलं की पडदा काळाच राहतो, पंखा चालू असतो. हिंजवडीहून घरी येईपर्यंत बॅगेत गरम झालेला असतो.
– एक वाचक, औंध

तुम्ही अपडेटचा उल्लेख केलात ते फार बरं झालं. सुरू करताना ग्रबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स निवडा, तिथे आधीचा कर्नल अजून असतो. त्यावर दोन-तीन दिवस चालवा. दुखणं गेलं तर नवा कर्नल दोषी आणि पुढची दुरुस्ती येईपर्यंत जुन्यावर राहण्यात काही वावगं नाही.

नाही गेलं, तर पडदा काळा असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरांचा लॉगिन दिसला, तर यंत्र जागं झालंय, फक्त पडदा उठला नाही. म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर. तिथेच लॉगिन करून लॉग बघून घ्या, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ ने परत या. काहीच दिसलं नाही तर झोपेचा प्रकार तपासा: कॅट, मग जागा, मग स्लॅश सिस स्लॅश पॉवर स्लॅश मेम अंडरस्कोर स्लीप. उत्तरात चौकटी कंसात असेल तो चालू प्रकार. एसटूआयडल म्हणजे उथळ झोप, तिच्यात बॅगेतही यंत्र धुगधुगत राहू शकतं. डीप म्हणजे पूर्ण झोप. यादीत डीप असेल तर तो वापरून बघा. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीने तो दिलेलाच नसतो. तेव्हा बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामचा, अपडेट बघा, उबुंटूमध्ये फर्मवेअर अपडेटर आहे, पण तो चालवताना अडॅप्टर लावलेला हवा आणि मध्ये काहीही झालं तरी बंद करायचं नाही.

हे सगळं मार्गी लागेपर्यंत हिंजवडीहून निघताना झाकण मिटू नका, शट डाउन करा. पंखा थांबल्याचा कान देऊन अंदाज घ्या आणि मगच लॅपटॉप बॅगेत घाला.